चारशे अकरा कॉप्या आणि डोमाजी खेरडे

डोमाजी खेरडे यांनी माझ्या कॉम्प्युटरमधली डिस्क बदलली आणि माझ्या चार फाइली अडवून ठेवल्या, असं मी २ फेब्रुवारी २०२४ रोजी आमच्या शाळेच्या समितीसमोर माझ्या डायरीतून वाचून दाखवलं. त्यातला एकही आरोप खरा नव्हता. मी लिहिणार आहे ते डोमाजींबद्दलच, पण हे आधी सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

डोमाजी भातकुली तालुक्यातले. घरी दीड एकर जमीन, तीत शेवंती, झेंडू, कडेनं वांगी आणि मिरची. फुलांचे भारे सायकलवर घालून अमरावतीला आणणं हे त्यांचं लहानपणापासूनचं काम. १९८१ सालच्या खंडेनवमीला राजापेठेतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटनं यंत्रांच्या पूजेसाठी बत्तीस हार सांगितले होते. डोमाजींनी ते स्वतःच बत्तीस टाइपरायटरांना घातले. एका यंत्रावर कुणीतरी हौसेनं बोट मारलं आणि हार आत ओढला गेला. झेंडूच्या पाकळ्या अक्षरांच्या दांड्यांत अडकल्या. इन्स्टिट्यूटचे मालक वैतागले. डोमाजी खराट्याची एक काडी घेऊन खाली बसले आणि दीड तासात त्यांनी एकेक पाकळी काढली, वर दोन वर्षांपासून अडखळणारं एक अक्षरही मोकळं करून दिलं. मालक म्हणाले, उद्यापण ये. तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे असतील.

हे मला त्यांनीच सांगितलं होतं. मी त्या वेळी आमच्या मुलींच्या शाळेच्या ऑफिसात नोकरीला होते. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी टायपिंग येणारी, म्हणून ती नोकरी मला मिळाली आणि मी ती एकतीस वर्षं केली. ऑफिसातल्या दोन टाइपरायटरांची सफाई करायला डोमाजी दर तीन महिन्यांनी यायचे. खिशात रंगाचा अर्धा इंची ब्रश, हातात रॉकेलचा वास. यंत्र चालू झाल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. चहा निवून साय धरायची, तरी नाही. काम झालं की यंत्र उलटं करून आतल्या पत्र्यावर शिसपेन्सिलीनं तारीख आणि काय केलं ते लिहायचे. मी एकदा विचारलं, हे कशाला.

"उस्तादनं शिकवलं बाई. पुढच्या खेपेले मीच येईन का दुसरा येईन, कोणाले मालूम? आतमधी लिहिलं राह्यलं तं यंत्र सोताच सांगते."

मी १९६४ पासून रोज डायरी लिहिते. त्यामुळे त्यांची ती सवय मला आवडली आणि मी तसं त्यांना सांगितलंही. ते हसले. "आपण दोघं एकाच धंद्यातले," म्हणाले.

टाइपरायटर गेले, इन्स्टिट्यूटं बंद झाली. डोमाजींच्या बरोबरीचे मेकॅनिक कुणी कुलूप-किल्लीच्या धंद्यात गेले, कुणी घरी बसले. डोमाजी सत्तेचाळिसाव्या वर्षी मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या वर्गात मागच्या बाकावर बसले, आठवीच्या मुलींबरोबर. मुली त्यांना काका म्हणायच्या आणि त्यांच्या चुका काढायच्या. दोन वर्षांत ते यंत्र उघडून जोडायला शिकले. २०१३ पासून शाळेची कॉम्प्युटर खोली त्यांच्याकडे होती. चौदा यंत्रं. अकरा वर्षांत परीक्षेच्या दिवशी एकही बंद पडलं नाही.

आता माझी गोष्ट.

माझे यजमान जानराव २०११ साली गेले. त्यांच्या शेवटच्या चार वर्षांच्या माझ्या डायऱ्या कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या आणि २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांना वाळवी लागलेली मला दिसली. पानं चाळणीसारखी झाली होती. त्या चार वह्या पूर्ण जाण्याआधी त्यांची छायाचित्रं काढून, वाचता येईल तेवढं टाइप करून ठेवायचं आणि मग जमेल तशा बाकीच्याही वह्या घ्यायच्या, असं मी ठरवलं. नवा कॉम्प्युटर घेणार होते. डोमाजी म्हणाले, "नवा कायले घेता बाई? तुमाले काय त्याच्यावर सिनेमा पाह्याचा हाय?" एका ऑफिसातून निघालेली यंत्रं त्यांनी घेतली होती. त्यांतलं एक झाडून-पुसून, त्यात पाचशे जीबीची डिस्क लावून, बाजूला स्कॅनर जोडून त्यांनी ते माझ्या घरी आणलं. तीन दिवस रोज दुपारी येऊन शिकवलं. मी सगळं वहीत उतरवून घेत होते.

त्यांनी सांगितलं होतं, काम सुरू करायच्या आधी कालच्या कामाची कॉपी करून ठेवत जा, काही बिघडलं तर कालचं शाबूत राहील. मला ते लगेच पटलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टा फेअर कॉपीबद्दल फार कडक होत्या. कालच्या पानावर आज खाडाखोड करायची नाही, नवं पान घ्यायचं. त्याप्रमाणे मी रोज सकाळी आंघोळ-पूजा झाली की आदल्या दिवसाचा अख्खा फोल्डर कॉपी करायचे, त्याला त्या दिवसाची तारीख द्यायचे आणि त्या नव्या फोल्डरमध्ये काम करायचे. वह्यांची छायाचित्रं, टाइप केलेली पानं, सगळं त्यात असायचं. दीड वर्ष हे चाललं. त्यात मला खूप समाधान होतं. चार वह्यांचं काम पूर्ण झालं तेव्हा मी त्या वाळवीच्या वह्या जाळून टाकल्या, घरात आणखी पसरायला नको म्हणून.

डिसेंबर २०२३ मध्ये यंत्राचा पंखा घरघर करायला लागला. डोमाजी म्हणाले, दोन दिवसांसाठी दुकानात नेतो. ते येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्या चार वर्षांच्या चार फाइलींना पासवर्ड घातला. त्यांत जानरावांचं आजारपण होतं, घरातली बोलणी होती. तेवढंच कारण होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण ज्या माणसाला मी चाळीस वर्षं ओळखत होते तो माझं लिहिलेलं वाचेल, असा विचार माझ्या मनात आला होता, हेही खरं आहे. संशयाची सुरुवात तिथे झाली, डिस्कपासून नाही. पासवर्ड मी वहीत नीट लिहून ठेवला. सिस्टरांचं नाव आणि माझं मॅट्रिकचं साल.

यंत्र परत आलं. पंखा शांत झाला होता. पण चारही फाइली उघडेनात. वहीत पाहून पासवर्ड घातला, पुन्हा घातला, वीसदा घातला. यंत्र दर वेळी चूक म्हणत होतं. मूळ वह्या तर मी जाळल्या होत्या. त्या फाइली गेल्या म्हणजे जानरावांची शेवटची चार वर्षं गेली. आठ दिवसांनी आणखी एक झालं. पडद्यावर पाटी आली की डिस्क भरली आहे, जागा नाही. खाली एक लाल पट्टी.

माझ्या बहिणीचा मुलगा अमोल पुण्यात बँकेत आहे. मी त्याला फोन केला.

"मावशी, तू टाइप करून करून पाचशे जीबी भरशील? सात जन्म लागतील तुला," तो म्हणाला. "डिस्कवर किती लिहिलंय बघ बरं."

त्यानं सांगितलं तसं मी पाहिलं. चारशे पासष्ट लिहिलं होतं.

"मग झालं की. पाचशेची काढली आणि दुसरी बसवली. जुन्या यंत्रांत हे सर्रास चालतं. आणि फाइली लॉक करून ठेवल्या म्हणजे तू परत त्याच्याकडेच जाणार."

अमोलचा यात दोष नाही. त्याला ऑफिसात घाई होती आणि मी जे विचारलं त्याचं त्यानं उत्तर दिलं. मी डोमाजींना फोन करायला हवा होता. नंबर वहीच्या पहिल्या पानावर होता. मी केला नाही. त्या संध्याकाळी डायरीत लिहिलं, "डोमाजींनी फसवलं. डिस्क पाचशेची होती, आता चारशे पासष्ट आहे. फाइली त्यांच्या दुकानातून आल्यापासून उघडत नाहीत." त्याखाली पट्टी ठेवून लाल रेघ ओढली.

माझ्या डायरीला आमच्या भागात एक मान आहे, तो इथे सांगावा लागेल. कुणाचा जन्म किती वाजता झाला, शाळेची भिंत कोणत्या साली बांधली, शेजारच्या दोघांच्या बोअरवेलच्या भांडणात आधी कुणाची खोदली गेली, हे लोक मला येऊन विचारतात. मी वही काढते, वाचते आणि वाद मिटतो. डोमाजीच एकदा ऑफिसात म्हणाले होते, "बाईची डायरी म्हणजे तलाठ्याचा सातबारा." निवृत्तीनंतर समितीवर मला घेतलं त्यामागेही हे एक कारण होतं.

फेब्रुवारीच्या बैठकीत कॉम्प्युटर खोलीचा विषय आला. डोमाजींकडेच काम ठेवायचं, एवढं एका ओळीत लिहून पुढे जायचं होतं. मी म्हटलं, थांबा. पिशवीतून वही काढली आणि वाचलं.

कुणी काही विचारलं नाही. अध्यक्ष बेबीताई म्हणाल्या, "असं आहे होय? दिसत तर नाही तो तसा." शाळेचे क्लार्क धर्मपाल टेबलाच्या टोकाला इतिवृत्त लिहीत होते. ते म्हणाले, "ताईच्या डायरीत हाय म्हणजे इषय संपला." डोमाजी त्या वेळी शाळेतच होते, खालच्या मजल्यावर. त्यांना वर बोलावलं. ते दारात चपला काढून आत आले, हातात तोच ब्रश. बेबीताईंनी त्यांना सांगितलं.

ते माझ्याकडे वळले. "बाई, मशीन उघडून पाह्यली काय कोणी?"

"आता उघडून काय पाहायचं राहिलं?" मी म्हटलं. हे वाक्य मी डायरीत लिहिलेलं नाही, पण ते मला शब्दशः आठवतं.

"तुमच्या डायरीत लिहिलं हाय?"

"हो."

त्यांनी हातातला ब्रश खिशात घातला. मग म्हणाले, "मंग मी काय बोलू?" खिशातून कॉम्प्युटर खोलीची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि गेले. काम एका कंपनीला देण्यात आलं. शहरातल्या आणखी दोन शाळांचं काम डोमाजींकडे होतं, त्या शाळांपर्यंतही गोष्ट गेली. मार्चमध्ये कळलं की डोमाजी दुकान बंद करून अकोल्याला मुलीकडे गेले.

माझ्या चार फाइली बंदच होत्या. परीक्षा संपल्यावर, २० एप्रिलला, मी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या शिक्षिका रागिणी यांना घरी बोलावलं. त्या पस्तिशीच्या असतील. अकरा वर्षं त्या खोलीत डोमाजींच्या शेजारी त्यांनी काम केलं होतं. त्या आल्या, पण सरबत नको म्हणाल्या. बसल्या आणि आधी त्यांनी मला विचारलं, "ताई, पासवर्ड घातला त्या वेळी तुम्ही मराठीत टाइप करत होतात का?"

मी मराठीतच टाइप करत होते. त्यांनी पासवर्डच्या चौकटीत जाण्याआधी कळफलक मराठी केला आणि माझी वही बघून तीच बटणं दाबली. पहिली फाइल उघडली. मग दुसरी. तिसरी, चौथी. एक मिनिटही लागलं नसेल. चौकटीत नुसते ठिपके दिसतात, म्हणून सिस्टरांचं नाव इंग्रजी अक्षरांऐवजी भलत्याच मराठी अक्षरांत उमटतंय हे मला कळलं नव्हतं. नंतर यंत्र बंद होऊन चालू झालं आणि कळफलक पुन्हा इंग्रजी झाला. फाइली मीच बंद केल्या होत्या, माझ्याच हातानं.

जानरावांच्या शेवटच्या दिवाळीचं पान पडद्यावर होतं. मला ते वाचता आलं नाही.

"आणि डिस्क?" मी विचारलं. मला वाटलं होतं, निदान एक आरोप तरी उरेल. हेही लिहून ठेवते.

"पाचशेची डिस्क यंत्र चारशे पासष्टच दाखवतं, ताई. सगळी यंत्रं दाखवतात. कंपनी हजाराच्या मापानं मोजते, यंत्र हजार चोवीसच्या. शाळेतल्या चौदाही यंत्रांवर तेच लिहिलंय." मग त्यांनी माझे फोल्डर उघडले आणि बराच वेळ खाली सरकवत राहिल्या. "हे काय आहे? तारखा?"

मी माझी पद्धत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि मोजले. चारशे अकरा फोल्डर. प्रत्येकात आधीच्या दिवसाचं सगळं, अधिक त्या दिवसाचं. पासवर्ड घातला त्याच्या आधीच्या सगळ्या फोल्डरांत त्या चारही फाइली उघड्याच होत्या; कालच्या पानाकडे परत जायचं नाही या सवयीनं मी तिथे पाहिलंच नव्हतं. एकच संसार मी चारशे अकरा वेळा त्या डिस्कवर मांडला होता.

"कॉपी करायला डोमाजींनीच सांगितलं होतं," मी म्हटलं. ते खरं होतं आणि मी ते सिद्ध करू शकत होते. जुलै २०२२ ची वही काढली, पान काढलं आणि रागिणींसमोर धरलं. त्यांनी वाचलं. मग पान उलटून मागची बाजू माझ्याकडे केली. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "दर आठ दिवसांनी जुन्या कॉप्या काढून टाकाव्यात. शेवटच्या दोन ठेवाव्यात. नाहीतर डिस्क भरेल, असं डोमाजी म्हणाले."

सगळ्या गावाला वही उघडून दाखवणारी मी. मी ते पान उलटलं नव्हतं.

रागिणींनी स्क्रू काढून यंत्राचा पत्रा बाजूला केला. त्यांना शंका नव्हती, मला दाखवायचं होतं. आतल्या बाजूला शिसपेन्सिलीनं तीन ओळी होत्या. पहिली जून २०२२ ची, "इंगोले बाई. डिस्क ५००" आणि पुढे डिस्कचा लांबलचक नंबर. दुसरी स्कॅनरच्या तारेबद्दल. तिसरी डिसेंबरची, "पंखा नवीन. डिस्कले हात लावला नाही." रागिणींनी बोटानं डिस्कवरचा नंबर दाखवला. एकेक आकडा जुळत होता.

"काकांनी त्या दिवशी विचारलं होतं ना, मशीन उघडली का म्हणून," त्या म्हणाल्या. "शिपायानं सांगितलं मला. मी वर यायला हवं होतं. नाही आले."

मग आम्ही जागा मोकळी केली. शेवटचा फोल्डर पूर्ण आहे ना, हे त्यांनी दोनदा तपासलं, त्याची एक प्रत बाहेरच्या छोट्या डिस्कवर काढली आणि शेवटचे दोन ठेवून बाकीचे चारशे नऊ एकदम निवडले. पुसण्याआधी यंत्रानं विचारलं, खात्री आहे का. रागिणींनी माऊस माझ्या हातात दिला. कचऱ्याची टोपलीही रिकामी करावी लागते, नाहीतर जागा सुटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पाऊण तास लागला. लाल पट्टी लहान होत होत निळी झाली आणि मग अगदी आखूड उरली. चारशेच्या वर जीबी मोकळे. मी शेजारी बसून पाहत होते. एवढी सगळी अडगळ माझी होती आणि तिच्यासाठी मी एका माणसाचं काम घालवलं होतं.

जाताना रागिणी दारात थांबल्या. "काका अकोल्याला हार ओवतात, ताई. मुलीच्या सासरचं फुलांचं दुकान आहे. तिथल्या एका शाळेत त्यांनी कामासाठी अर्ज दिलाय. ती शाळा आपल्या शाळेला फोन करून विचारणार आहे. पंधरा मेच्या आत."

२३ तारखेला मी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेले. रागिणींनी पत्ता दिला होता. ऊन कडक होतं आणि फुलबाजारात ओल्या गोणपाटांचा वास भरला होता. डोमाजी खाली बसून झेंडूचा हार ओवत होते. तेच हात, आता हळदीसारखे पिवळे झालेले. गल्ल्यावर त्यांची मुलगी प्रणाली होती.

डोमाजींनी मला पाहिलं आणि उठायला लागले. "बाई? काहून आल्या येवढ्या उनाच्या? फोन कराचा ना."

"फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

"बाबा," प्रणाली म्हणाली, "ह्याच काय त्या डायरीवाल्या?"

"चूप बस. स्टूल दे त्याह्यले."

तिनं स्टूल दिलं, पण पायानं सरकवून. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. कळफलक, चारशे पासष्ट, चारशे अकरा, पानाची मागची बाजू, पेन्सिलीच्या ओळी. मधे एक गिऱ्हाईक आलं, लग्नाच्या गाडीच्या सजावटीबद्दल विचारून गेलं. मी थांबले आणि परत सुरू केलं. डोमाजी ओवत होते. सांगून झाल्यावर मी म्हटलं, माझी चूक झाली, मला क्षमा करा.

त्यांनी दोरा दातानं तोडला. "मी पंधरा दिवस झोपलो नाई बाई," ते म्हणाले. "तुमच्यावर राग नोयता. मी माह्याच डोक्यात शोधत होतो. दुकानात त्या दिवशी आणखी तीन मशीनी उघड्या होत्या. म्हटलं, चुकून याची डिस्क त्याच्यात तं नाई गेली? तुमच्या डायरीत खोटं नसते ना. मंग मीच चुकलो असंन. तीनही गिऱ्हाइकाईच्या घरी जाऊन मशीनी उघडून पाह्यल्या. लोकं म्हणत, काय झालं डोमाजी? काय सांगू त्याह्यले?"

मी मनात धरलं होतं की ते रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. या दोन्हींची माझी तयारी होती. माझ्या वहीवर विश्वास ठेवून त्यांनी स्वतःवर संशय घेतला असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मी काय करू, सांगा," मी म्हटलं.

"मले सांगून काय फायदा? जिथं वाचलं तिथं वाचा."

"बरं."

"बसा आता. चहा सांगतो."

"मीटिंग झाल्याशिवाय मी चहा घेणार नाही," मी म्हटलं. प्रणालीनं वडलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्यासारख्याच दिसतात." त्यात कौतुक नव्हतं.

४ मेला समितीची बैठक बोलावून घेतली. बेबीताईंना आधी फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, झालं गेलं. आता कायले उकरता? नव्या कंपनीशी वर्षभराचा करार झाला. आणि आपणच असं लिहून दिलं तर संस्थेची काय शोभा राहते?" मी म्हटलं, शोभा माझी जाईल, संस्थेची नाही. त्या म्हणाल्या, "तुमची गेली काय आन् आमची गेली काय." त्या मैत्रिणीच्या नात्यानंच बोलत होत्या आणि मला वाचवायलाच बघत होत्या. दोन दिवस मला ते बरं वाटत राहिलं. एक पत्र मी स्वतःच त्या अकोल्याच्या शाळेला लिहावं, बैठक कशाला, असंही मनात आलं. पत्राचा मसुदा केला. त्यात "गैरसमज" हा शब्द तीनदा आला होता. तो मसुदा मी फाडला.

बैठकीत मी तीच वही उघडली आणि आधी ते लाल रेघेचं पान वाचलं, फेब्रुवारीत वाचलं होतं तसंच. मग २० एप्रिलचं वाचलं. मधे दोनदा पाणी प्यावं लागलं. वाचून झाल्यावर मी वही मिटली. एक सदस्य म्हणाल्या, होतं असं, वय झालं की. मी म्हटलं, वयाचा संबंध नाही, मी विचारलं नाही, एवढंच झालं.

बेबीताईंनी धर्मपालांना सांगितलं, "लिहा, गैरसमज दूर झाला."

"नाही," मी म्हटलं. "गैरसमज लिहू नका."

धर्मपालांनी पेन उचललं. "मंग काय लिहू ताई?"

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. श्री. डोमाजी खेरडे यांच्यावर दिनांक २ फेब्रुवारी रोजी ठेवलेला आरोप खोटा होता. डिस्क बदललेली नव्हती. फाइली त्यांनी बंद केलेल्या नव्हत्या. अकरा वर्षांच्या त्यांच्या कामात समितीला कोणताही दोष आढळलेला नाही. कुणीही चौकशी केल्यास हा ठराव वाचून दाखवावा.

"आरोप कोनी केला, ते लिहू काय? का नुसतं एका सदस्यानं असं घालू?" धर्मपालांनी विचारलं. ते हळू आवाजात बोलले, मला सवड द्यावी म्हणून. मी ती सवड क्षणभर घेतली, हेही खरं.

"आशा जानराव इंगोले," मी सांगितलं. "पूर्ण नाव लिहा."

ठरावाची सहीची प्रत मी दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टानं डोमाजींना पाठवली. समितीनं कंपनीचा करार मोडला नाही. मी तसा प्रयत्न केला, कुणी साथ दिली नाही. दहा मेच्या सुमारास अकोल्याच्या शाळेचा फोन आला. धर्मपालांनी ठराव शब्दशः वाचून दाखवला, माझ्या नावासकट. जूनपासून डोमाजी त्या शाळेत जातात. तिथे बावीस यंत्रं आहेत. हे मला रागिणींकडून कळलं.

पत्र पोचल्याचा डोमाजींचा फोन आला नाही. मी वाट पाहिली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल.